गुन्ह्याची कीर्द, खतावणी आणि तेरीज : कांदिवलीच्या निमित्तानें पोलीस दप्तराचा विचार

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांस ‘गुन्हेगारी’ हा शब्द नवा नाहीं. पेशवेकालीन हिशेबांत ‘हरकी-गुन्हेगारी’ ही जोडी वारंवार भेटते. वादांत जो खरा ठरला त्यानें सरकारांत भरावयाची ती हरकी, व जो खोटा ठरला त्याच्यावर बसावयाची ती गुन्हेगारी. म्हणजे त्या काळच्या कागदांत गुन्हेगारी हें वसुलाचें एक सदर आहे. अपराधांची मोजदाद नव्हे. एखाद्या परगण्याच्या ताळेबंदांत गुन्हेगारीची रक्कम मागील सालाच्या दुप्पट दिसली, तर त्या वर्षीं चोऱ्यामाऱ्या दुप्पट झाल्या असें म्हणणारा अभ्यासक फसेल. अपराध वाढले असतील, किंवा कमाविसदार कडक आला असेल, किंवा मागील थकबाकी त्या सालीं उगवली असेल. नुसत्या रकमेवरून यांपैकीं कोणतेंच अनुमान निघत नाहीं. सदर कोणी पाडलें, त्यांत काय घालावयाचें याचा नियम काय होता, हें आधीं कळलें पाहिजे.

हीच सावधगिरी अर्वाचीन पोलीस दप्तर वाचतांना मात्र फारशी कोणी पाळीत नाहीं. छापील अहवालांत चोरी, जबरी चोरी, दरोडा, खून असे रकाने व त्यांपुढें आंकडे दिसले, कीं ते घडलेल्या गोष्टींचेच आंकडे आहेत असें सर्रास धरलें जातें. वास्तविक ते नोंदलेल्या गोष्टींचे आंकडे असतात, आणि नोंद व घटना यांच्यामध्यें कायदा, हद्द, नमुना व लेखक अशा चार भिंती उभ्या असतात. या भिंती कशा उभारल्या गेल्या व केव्हां हलविल्या गेल्या, याचें दिग्दर्शन करणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उदाहरणासाठीं आम्हीं साष्टींतील कांदिवली हें स्थळ घेतलें आहे. कारण गांव जागच्या जागीं असून त्याच्यावरील लेखनाचा अंमल तेथें अनेक वेळां बदलला.

१. स्थळ आणि त्यावरील अंमल

कांदिवलीचें नांव पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस टॉड याच्या शोधांमुळें परिचित आहे. त्यानें मुंबईच्या आसपास सांपडलेल्या पाषाणयुगीन हत्यारांविषयीं सन १९३९ मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत येथील थरांस मोठें महत्त्व आहे. त्या काळच्या इंग्रजी लेखनांत गांवाचें नांव ‘खांडिवली’ असें आढळतें. पुढें ‘कांदिवली’ रूढ झालें. जुन्या सूची चाळणाऱ्यानें या दोन्हीं रूपांखालीं शोध घ्यावा. शेजारीं पोयसर, आकुर्ली, चारकोप, मागाठाणें हीं जुनीं गांवें असून मंडपेश्वराचीं लेणीं जवळच आहेत.

सन १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. सन १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, व सन १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. सन १८२७ त मुंबई सरकारनें आपले कायदे एकत्र केले. एल्फिन्स्टन संहिता म्हणून ते ओळखले जातात, व त्यांतील १४ वा कायदा अपराध व शिक्षा यांविषयींचा होता. सन १८६० सालचा ४५ वा कायदा, म्हणजे भारतीय दंड संहिता, तारीख १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आली व १८२७ ची वर्गवारी मागें पडली. सन १९२० त ठाणें जिल्ह्याचा कांहीं भाग तोडून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला, व पुढील काळांत बोरिवलीकडील गांवांची या दोन जिल्ह्यांत अदलाबदल झाली. सन १९५७ त महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हां कांदिवली बृहन्मुंबईंत आली. सन १९९० त मुंबई उपनगर हा पुनः स्वतंत्र जिल्हा झाला. पोलिसांच्या दृष्टीनें मात्र हा सर्व प्रदेश मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या अमलाखालीं आहे.

ही सनावळी येथें देण्याचें प्रयोजन एवढेंच, कीं कांदिवलीच्या दोनशें वर्षांच्या अपराधांचा एक सलग तक्ता मांडूं पाहणाऱ्यास यांतील प्रत्येक सालापाशीं थांबून, येथें मापाचा गज बदलला काय, असा प्रश्न विचारावा लागेल.

२. कीर्द : स्टेशन डायरी

पोलीस ठाण्यांतील लेखनाची रचना आपल्या जुन्या हिशेबी पद्धतीच्या परिभाषेंत उत्तम रीतीनें सांगतां येते. रोजच्या व्यवहाराची कीर्द, तिच्यावरून सदरवार पाडलेली खतावणी, आणि खतावणीवरून काढलेली तेरीज अशा तीन पायऱ्या तेथेंही आहेत.

कीर्द म्हणजे स्टेशन डायरी, अथवा ठाणे दैनंदिनी. ठाण्यांत कोण आलें, कोण गेलें, कोणती खबर किती वाजतां आली, कोणता अंमलदार कोठें रवाना झाला, हें सर्व कालक्रमानें, अनुक्रमांक घालून तींत लिहिलें जातें. तींत वर्गवारी नाहीं. घड्याळ हाच तिचा नियम. ठाण्यांत आलेली खबर लिहून घेतलीच पाहिजे व तिचा सारांश डायरींत उतरविला पाहिजे, हें बंधन सन १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत १३९ व्या कलमानें घातलें. पुढील संहितांत तें कायम राहिलें. १८८२, १८९८ व १९७३ या तिन्हीं संहितांत त्याचें कलम १५४ होतें. तारीख १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तें १७३ वें आहे.

या कलमाखालीं लिहिलेली पहिली खबर हीच लोकांच्या तोंडीं ‘एफ्. आय्. आर.’ म्हणून बसली आहे. तिचा नमुना संग्राहकांनीं एकदां बारकाईनें पाहावा. तींत गुन्हा घडल्याची वेळ, खबर ठाण्यास मिळाल्याची वेळ व डायरींतील नोंदीचा क्रमांक आणि वेळ असे तीन निरनिराळे रकाने असतात. मराठी पत्राच्या अभ्यासकास यांत अनोळखी कांहीं वाटूं नये. पत्राची मिती वेगळी, पाठीवर ‘पौ’ म्हणून लिहिलेली पोंचल्याची तारीख वेगळी, आणि दप्तरीं नोंद झाल्याचा ‘बार’ वेगळा, हें आपण रोज पाहतों. या तीन तारखांमधील अंतरावरून पत्राच्या खरेपणाची परीक्षा होते. तशीच खबरेच्या तीन वेळांवरून फिर्यादीची होते. न्यायालयांत उशीरा दिलेल्या खबरेकडे संशयानें पाहिलें जातें तें याच कारणानें, व म्हणूनच उशिराचें कारण लिहिण्यास नमुन्यांत स्वतंत्र रकाना ठेविला आहे.

खबर देणाऱ्यास ती वाचून दाखवावी व त्याची सही घ्यावी, हा नियम जुना आहे. तिची नक्कल त्यास फुकट द्यावी, ही तरतूद १९७३ च्या संहितेनें आली. यामुळें एकाच मजकुराची एक प्रत ठाण्यांत, एक न्यायदंडाधिकाऱ्याकडे व एक फिर्यादीच्या घरीं राहूं लागली. इतिहाससाधनांच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे. ठाण्याचें दप्तर नष्ट झालें तरी घरगुती रुमालांत तिसरी प्रत सांपडण्याचा संभव राहतो.

३. खतावणी : गुन्हा कोणत्या सदरीं पडतो

कीर्दींतील प्रत्येक नोंद गुन्ह्याच्या रजिस्टरांत जात नाहीं. येथें पहिली विभागणी होते ती दखलपात्र व अदखलपात्र अशी. दखलपात्र गुन्ह्यांत पोलिसांस न्यायाधिकाऱ्याच्या हुकुमावांचून तपास करतां येतो, व त्याला ‘गु. र. नं.’ म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. अदखलपात्राची नोंद वेगळ्या वहींत होते, व फिर्यादीस न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितलें जातें. संशयास्पद वा अपघाती मरणाची नोंद ‘आकस्मिक मृत्यु’ म्हणून तिसऱ्या ठिकाणीं. हरवलेल्या माणसांची चौथ्या ठिकाणीं. गहाळ वस्तूंची पांचव्या ठिकाणीं. मुंबईंत स्थानिक कायद्यांखालील खटल्यांस ‘एल्. ए. सी.’ हा निराळा क्रमांक देण्याची चाल आहे. अर्थात् एखाद्या कागदावर नुसता क्रमांक व साल असेल, तर तो कोणत्या वहीचा हें ठरविल्यावांचून पुढें जाऊं नये.

ही विभागणी केवळ लेखनाच्या सोयीची नाहीं. तींत माणसाच्या दादीचा प्रश्न गुंतलेला आहे. समजा, कांदिवलीच्या बाजारांत एका बाईची पिशवी कापून आंतील भ्रमणध्वनि गेला. अंमलदारानें ‘चोरी’ लिहिली तर तपास सुरू होतो, व वर्षअखेर चोरीच्या रकान्यांत एक आंकडा वाढतो. त्यानेंच ‘गहाळ’ लिहिलें तर तपास नाहीं, आंकडा नाहीं, व कागदोपत्रीं अपराधही नाहीं. बाईचें नुकसान दोन्हीं पक्षीं तेंच.

दखलपात्र ठरल्यावर कलम लावण्याचा प्रश्न येतो. दंड संहितेची रचना घटकांवर उभी आहे. दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु त्याच्या संमतीवांचून अप्रामाणिकपणें हलविली कीं चोरी. त्या चोरींत इजा केली किंवा तत्काळ इजेचें भय घातलें कीं जबरी चोरी. तेंच कृत्य पांच किंवा अधिक इसमांनीं मिळून केलें कीं दरोडा. चार इसम असतील तर जबरी चोरी, व पांचवा सामील झाला कीं दरोडा, असा हा हिशेब आहे. आपल्या जुन्या कागदांत ‘दरोडा’ या शब्दास ही पांचांची अट नाहीं. रात्रीं टोळीनें घर लुटलें कीं लिहिणारा दरोडा लिहितो. सबब मराठी अमदानींतील दरोड्यांची गणना दंड संहितेखालील दरोड्यांशीं एका ओळींत मांडणें चुकीचें होईल. शब्द एक, परंतु माप दोन.

या घटकांच्या पद्धतीचा गुण असा, कीं भिन्न ठाण्यांतील भिन्न लेखकांस एकाच निर्णयास येण्याची कसोटी मिळते. तिची मर्यादाही तेथेंच आहे. कसोटीस लागणारी हकीकत जबानी लिहून घेणाऱ्याच्या हातांत असते. गळ्यांतील सांखळी ओढून पळणाऱ्यावर पूर्वीं कधीं चोरी व बलप्रयोग यांचीं ३७९ व ३५६ हीं कलमें लागत, तर कधीं जबरी चोरीचें ३९२. मानेवर ओरखडा उठला होता काय, धक्का देऊन भय घातलें होतें काय, हे शब्द जबानींत आले कीं नाहीं यावर सदर ठरे. दोन ठाण्यांतील जबरी चोरीच्या आंकड्यांत जो फरक दिसतो, तो कित्येक वेळां दोन लेखकांच्या सवयींतील फरक असतो.

४. तेरीज : मोजावें कसें

खतावणीवरून तेरीज काढतांना आणखी तीन नियम लागतात. ते माहीत नसल्यास छापील अहवाल वाचून कोणीही चकेल.

पहिला नियम प्रमुख अपराधाचा. एकाच खबरेंत घरफोडी, जबरी चोरी व खून असे तीन अपराध असले, तरी राष्ट्रीय तेरजेंत ती खबर एकदांच, व सर्वांत गंभीर अपराधाखालीं, म्हणजे खुनांत मोजली जाते. घरफोडी झाली होती ही गोष्ट त्या तेरजेंतून नाहींशी होते. अमेरिकेंत सन १९३० पासून चाललेल्या राष्ट्रीय गणनेंतही असाच श्रेणीचा नियम होता. तेथील नवी पद्धति प्रत्येक घटनेंतील सर्व अपराध स्वतंत्र नोंदते, व सन २०२१ पासून तीच तेथील राष्ट्रीय गणनेची अधिकृत पद्धति झाली.

दुसरा नियम एककाचा. एका खबरेंत फसविले गेलेले लोक शंभर असले तरी प्रकरण एकच. उलट तेच शंभर लोक शंभर वेळां येऊन त्यांच्या वेगळ्या खबरा लिहिल्या गेल्या, तर प्रकरणें शंभर. तिसरा नियम सालाचा. प्रकरण ज्या वर्षीं नोंदलें त्या वर्षीं मोजलें जातें, घडलें त्या वर्षीं नव्हे. जुनी फसवणूक आज उघडकीस आली तर ती आजच्या सालीं पडते.

हिंदुस्थानच्या सर्व प्रांतांची अशी एकत्र तेरीज ‘क्राइम इन इंडिया’ या नांवानें सन १९५३ च्या आंकड्यांपासून निघूं लागली. सन १९८६ त दिल्ली येथें राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाल्यावर तें काम त्याच्याकडे आलें. सन २०१४ च्या अंकासाठीं नमुने पुष्कळ बदलले व नवीं सदरें वाढलीं. सन २००९ त मंजूर झालेल्या योजनेनें ठाणीं संगणकानें जोडलीं गेलीं, व कायदा आणि कलम हें आतां ठरीव यादींतून निवडावें लागतें. लेखनांतील विसंगति यामुळें कमी झाली हें खरें. परंतु यादींतून कोणता शब्द निवडावयाचा हा निर्णय माणसाकडेच राहिला.

युरोपांत फ्रान्सनें सन १८२५ सालच्या फौजदारी न्यायाचे आंकडे सन १८२७ त छापले, व तेव्हांपासून अशा वार्षिक तेरजांचा प्रघात पडला. राष्ट्राराष्ट्रांचे कायदे भिन्न, म्हणून कलमांऐवजीं कृत्याच्या स्वरूपावरून वर्ग पाडणारी आंतरराष्ट्रीय वर्गवारी संयुक्त राष्ट्रसंघानें सन २०१५ त मान्य केली. इंग्लंडांत सन २००२ त असा सर्वसाधारण दंडक घालण्यांत आला, कीं सांगितलेली हकीकत कायद्यानें अपराध ठरत असेल व ती खोटी असल्याचा विश्वसनीय पुरावा नसेल, तर ती नोंदावी. आपल्याकडे याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ललिताकुमारी प्रकरणीं तारीख १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं निर्णय दिला, कीं खबरेवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर ती नोंदणें सक्तीचें आहे. प्राथमिक चौकशी कांहीं ठराविक प्रकारांतच करावी. दखलपात्र खबर पुस्तकांत लिहावी व प्रत्येक खबर डायरींतही उतरावी, असेंही न्यायालयानें स्पष्ट केलें. म्हणजे कीर्द व खतावणी यांचा मेळ बसलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

५. न लिहिलेली नोंद

या निर्णयाची गरज कां पडली, याचें उत्तर जुनें आहे. सन १९०२-०३ च्या पोलीस आयोगानें, ज्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर होते, गुन्हे दडपण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली होती. आंकड्यांवरून अधिकाऱ्याची लायकी ठरूं लागली कीं आंकडे कमी ठेवण्याचा मोह होणारच, हें उघड आहे. पोलिसांच्या इंग्रजी बोलींत यास ‘बर्किंग’ म्हणतात. एडिंबरो येथें सन १८२८ त पकडला गेलेला बर्क हा माणसें गुदमरवून मारी, म्हणजे अंगावर खूण राहत नसे. त्याच्यावरून हा शब्द पडला. खूण न ठेवतां फिर्याद गुदमरविणें असा त्याचा भाव आहे. सन १९७७ त नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगासही याच दोषाचा विचार करावा लागला.

इतिहासलेखकाच्या दृष्टीनें हा दोष चुकीच्या नोंदीहून वाईट. चुकीची नोंद दुसऱ्या कागदाशीं ताडून दुरुस्त करतां येते. न लिहिलेली नोंद शोधावी तरी कोठें? ज्याची फिर्याद लिहिली गेली नाहीं, त्याच्या हालाचा कागदोपत्रीं मागमूस राहत नाहीं. म्हणून आंकडा लहान असणें हें शांततेचें प्रमाण समजूं नये. उलट, नोंदणीचा नियम कडक झाला कीं आंकडा वाढतो, व तें अनेकदां सुधारणेचें लक्षण असतें. सन २०१३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें हरवलेल्या मुलांच्या प्रत्येक खबरेवर गुन्हा नोंदण्याचा आदेश दिला. त्यापूर्वीं अशी खबर पुष्कळदां हरवलेल्या माणसांच्या वहींतच राहत असे. त्यानंतर ती अपहरणाच्या सदरीं येऊं लागली. हा आदेश ज्यास ठाऊक नाहीं, तो एकाएकीं मुलें पळविणाऱ्यांचा सुळसुळाट झाला असें लिहून मोकळा होईल.

६. हद्द बदलली, कायदा बदलला

आतां कांदिवलीकडे वळूं. सन १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत पहिल्याच कलमांत असा अपवाद होता, कीं ती संहिता कलकत्ता व मुंबई या शहरांच्या पोलिसांस लागू नाहीं. मुंबई शहराचे पोलीस सन १९०२ च्या शहर पोलीस कायद्यानें चालत. बाहेरील जिल्ह्यांचे पोलीस सन १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्यानें व वरील संहितेनें. म्हणजे माहीमच्या खाडीच्या अलीकडे झालेल्या चोरीची खबर एका कायद्यानें लिहिली जाई, व पलीकडे साष्टींत झालेल्या चोरीची दुसऱ्यानें. सन १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानें शहर व जिल्हा यांचे दोन पोलीस कायदे रद्द होऊन एकच झाला, व १९७३ च्या संहितेंत शहरांचा तो अपवाद उरला नाहीं.

वार्षिक अहवालही दोन होते. शहराच्या पोलिसांचा अहवाल स्वतंत्र छापला जाई, व इलाख्याच्या पोलिसांचा, रेल्वेसह, वेगळा. यास्तव कांदिवलीच्या जुन्या अपराधांचा शोध शहराच्या अहवालांत घेणें व्यर्थ आहे. तो इलाख्याच्या अहवालांत, जिल्ह्याच्या तक्त्यांत घ्यावा लागेल. लोहमार्गावरील गुन्हे आजही लोहमार्ग पोलिसांच्या दप्तरीं पडतात. स्थानकाच्या फलाटावर कापलेला खिसा व स्थानकाबाहेरील रस्त्यावर कापलेला खिसा, हे एकाच गांवचे असून दोन दप्तरांचे आहेत.

ठाण्यांची विभागणीही लक्षांत घ्यावी. कांदिवलीच्या पश्चिमेस आज कांदिवली व चारकोप, तर पूर्वेस समता नगर अशीं पोलीस ठाणीं आहेत. वस्ती वाढली कीं जुन्या ठाण्याची हद्द तोडून नवें ठाणें निघतें. त्या वर्षीं जुन्या ठाण्याचे आंकडे उतरतात. अपराध उतरलेले नसतात.

सर्वांत ताजा फेर सन २०२४ चा. तारीख १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली व १८६० ची दंड संहिता गेली. ५११ कलमांच्या जागीं ३५८ आलीं. खुनाचें ३०२ हें कलम १०३ झालें, चोरीचें ३७९ तें ३०३, दरोड्याचें ३९५ तें ३१०. फसवणुकीचें ४२० तें ३१८ झालें; परंतु ‘चारसोवीस’ हा शब्द लोकांच्या बोलींत राहिला आहे, व पुढील पिढीच्या कोशकारास त्याची व्युत्पत्ति सांगावी लागेल. केवळ आंकडे बदलले असते तर दोन रकान्यांची जंत्री करून काम भागलें असतें. परंतु सदरेंही हललीं आहेत. हिसकावून नेण्यास ३०४ हें स्वतंत्र कलम मिळालें, म्हणून वर सांगितलेली सांखळीची चोरी आतां निराळ्या घरांत बसूं शकते. ५००० रुपयांहून कमी किंमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे ती गुन्हा रजिस्टरांतून दुसऱ्या वहींत गेली. यापुढें चोरीचे व जबरी चोरीचे आंकडे खालीं आलेले दिसल्यास, किती उतार रस्त्यावरचा व किती कलमाचा, हें वेगळें काढावें लागेल.

७. माणसांची खतावणी

कृत्यांची वर्गवारी करतां करतां माणसांची वर्गवारी झाली, असाही एक अध्याय या दप्तरांत आहे. सन १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें संबंध जातीच्या जाती जन्मावरून गुन्हेगार म्हणून नोंदण्याची वाट उघडली, व सन १९११ च्या कायद्यानें ती मुंबई इलाख्यासही लागू झाली. नांव, बोटांचे ठसे, ठराविक वेळीं हजिरी असें हें रजिस्टर असे. सन १९५२ च्या ऑगस्टांत तो कायदा रद्द झाला, व त्या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊं लागल्या. अशीं रजिस्टरें कोणाच्या हातीं आलीं तर तीं जपावींत; परंतु तीं अपराधांचा पुरावा म्हणून वाचूं नयेत. त्यांत नोंदलेल्या इसमानें कांहीं केलें होतें असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. सरकारनें त्यास कोणत्या सदरीं घातलें होतें एवढेंच सिद्ध होतें. नांवें छापतांना वंशजांची अब्रू सांभाळणें हें संग्राहकाचें कर्तव्य आहे.

८. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून पोलीस कागद वाचण्याचे कांहीं साधे नियम निघतात. कागद कीर्दींतला, खतावणींतला कीं तेरजेंतला हें प्रथम ठरवावें. क्रमांक असल्यास तो कोणत्या वहीचा तें पाहावें. घडल्याची, कळल्याची व लिहिल्याची अशा तीन वेळा वेगळ्या मांडाव्यात. कलम असल्यास तें कोणत्या सालच्या कायद्याचें, व हद्द असल्यास ती त्या दिवशीं कोणाची होती, तें नमूद करावें. तक्ता करतांना जेथें कायदा, नमुना वा हद्द बदलली तेथें रेघ मारावी, व रेघेच्या दोन्हीं बाजूंचे आंकडे एकमेकांत मिसळूं नयेत.

दुसरी गोष्ट जतनाची. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असून मुदत संपतांच खालच्या वर्गांचे कागद नष्ट केले जातात. तेरीज छापली जाते म्हणून टिकते; कीर्द व खतावणी मात्र जातात, आणि तेरजेचा अर्थ लावण्याची किल्ली तर त्यांतच असते. सरकारचे कागद सरकारच्याच दप्तरखान्यांत राहावेत हें योग्य, व तेथील जतनासाठीं संशोधन संस्थांनीं प्रयत्न करावेत. परंतु घरोघरीं पडलेले कागदही थोडे नाहींत. सन १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानें गांवांतील अपराधाची खबर वर पोंचविण्याचें काम पोलीस-पाटलाकडे होतें. त्याच्या घरीं राहिलेल्या स्थळप्रती, फिर्यादीस मिळालेल्या नकला, पंच म्हणून सही केलेल्यांकडील कागद, कोरे छापील नमुने, नमुना बदलल्याचीं परिपत्रकें, ठाण्यांच्या हद्दीचे नकाशे, हें सर्व आज रद्दींत जात आहे. खुनाच्या गाजलेल्या खटल्याचा कागद कोणीही ठेवतो. कोरा नमुना कोणी ठेवीत नाहीं. पन्नास वर्षांनीं मात्र त्या कोऱ्या नमुन्यावांचून भरलेल्या हजार कागदांचा उलगडा होणार नाहीं.

हरकी-गुन्हेगारीचीं कलमें आपल्यास आज वाचतां येतात, कारण कोणीतरी त्या पद्धतीचे बारीकसारीक कागद राखून ठेविले. तेंच उपकार पुढील वाचकांवर करण्याची पाळी आतां आपली आहे. साष्टींतील ज्या वाचकांकडे असे कागद असतील त्यांनीं निदान त्यांची यादी करून ठेवावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.